गाडीच्या अंगात आलं तेव्हा

"जरा सरकून बस की गं. माझ्या सुनेचा निकाल हाय, अन् मलाच काय दिसंना," गोजराबाई माझ्या कानाशी कुरकुरल्या.

मी सरकले. सगळं मुठा गाव शेटजींच्या बंगल्याच्या आवारात लोटलं होतं. मधोमध त्यांची जुनी विलायती गाडी, कुठल्याशा संस्थानिकाकडून घेतलेली, लांबलचक. शेटजी महिनोन्महिने फिरकत नसत. बॉनेटवर हिरवं लुगडं, काचेवर मळवट. अठ्ठ्याहत्तर साली आमच्याकडे देवी माणसांना कंटाळून मोटारीच्या अंगात येऊ लागली होती.

ड्रायव्हर भिकाजी तिचा भगत. पायांवर घोंगडी पांघरून तो स्टिअरिंगमागे बसे. मागच्या सीटवरच्या माणसात खोट असली की गाडी थरथरे, नसली की शांत होई. कोंबडी आणणाऱ्यांत खोट क्वचितच निघे.

गोजराबाईंची सून चंद्रकला मागं बसली. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. गाडी थरथरली तर तिच्या नवऱ्याला, भैरूला, दुसरी बायको करायची, असं घरात ठरलेलं. भैरू मान खाली घालून उभा.

"बोल आई, हिच्यात खोट हाय का?" भिकाजी घुमला. गाडी अशी थरथरली की चंद्रकलेच्या बांगड्या वाजल्या.

"ठरलं," गोजराबाई म्हणाल्या.

मी पिठाची गिरणी चालवते. असली थरथर माझ्या ओळखीची.

"भिकाजी, इंजिन चालू ठेव अन् खाली उतर. चंद्रे, तूपण."

"आईचा कोप हुईल, तुळजाबाई."

"माझ्यावर होऊ दे."

रिकाम्या सीटवर मी गोजराबाईंची शेळी बसवली. थरथर चालूच.

"शेळीची मागल्या जन्माची खोट," भिकाजी म्हणाला.

शेळी उतरवून तांदळाचं पोतं ठेवलं. तरी थरथर.

"अन् ह्याची?"

भिकाजी घोंगडीची घडी घालू लागला.

मी पुढं बसून ॲक्सिलरेटर हलकेच दाबला. गाडी शांत. पाय काढला, पुन्हा थरथर. लोक हसायला लागले.

"इंजिन रबराच्या ठोकळ्यांवर बसवतात, ते हादरे गिळतात," मी म्हटलं. "ह्यातल्या रबराचा भुगा झालाय. म्हणून इंजिन हळू चाललं की सगळी गाडी हलते, जरा वेग दिला की थांबते. घोंगडीखाली ह्याचा पाय होता."

भिकाजीकडूनच जॅक लावून घेतला, टायरचे जाड तुकडे त्या जागी बसवले. देवी गेली.

"मग खोट कुनात हाय, ते कळायचं कसं?" गोजराबाईंनी विचारलं.

"तपासून. डॉक्टर कशाला आहेत?"

"चंद्रीला दावली की. तिच्यात काय न्हाई म्हनला."

सगळे जमिनीकडं बघू लागले. गोजराबाईसुद्धा.

भैरूनं मान वर केली. "आये, मग तपासायचं माझंच राह्यलंय. उद्या पुन्याला जातो."