रोपवे बंद असतो ते दिवस

लिफ्टकाकांच्या घरात दर हिवाळ्यात सहल ठरायची आणि दर हिवाळ्यात ती बारगळायची. बॅगा भरून दारात आल्या की कुठल्या तरी इमारतीतली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकायचीच, आणि काका हत्यारांची पिशवी खांद्याला लावून निघायचे. आसपासच्या सगळ्या लिफ्टची देखभाल तेच करत, म्हणून लहानथोर सगळे त्यांना लिफ्टकाका म्हणत. यंदा मात्र बायकोने कंबर कसली. काकांच्या साहेबांना तिने परस्पर फोन केला, बदली माणूस मागून घेतला आणि जेवताना जाहीर केलं, "या वेळी लिफ्ट अडकली तर अडकू दे. आतल्या माणसाला बाहेर काढायला दुसरा माणूस आहे. मला या घरातून बाहेर काढायला कुणी नाही."

ठिकाण निवडायचा मान लेकीला मिळाला. लेक सहावीत, दिसेल त्यावर चढणारी, म्हणून घरात तिला सगळे खारूताई म्हणत. तिने कॉम्प्युटरवर शोधून शोधून एक छोटंसं शहर काढलं. मध्ये मोठं तळं, काठाने उतरत्या छपरांची घरं, आणि मागे बर्फाचे डोंगर. डोंगरांवर लोक स्कीइंग करत होते.

"आणि बाबा, हे बघ," तिने पडद्यावर बोट ठेवलं. "वर जायला खुर्च्यांचा रोपवे आहे. दोराला लटकून उडत उडत जायचं. पायाखाली काही नाही, नुसती दरी! स्कीचा वर्ग वरच भरतो. आपण दोघं एका खुर्चीत बसू. आई आणि आजोबा नकोत, ते घाबरतील."

"मला काय धाड भरलीय घाबरायला?" आजोबा म्हणाले. हे काकांचे सासरे. आयुष्यभर शिंपीकाम केलेले, आणि आता लेकीच्या घरी राहून सगळ्यांच्या कामात नाक खुपसणारे. "पण जावईबापू, तुम्ही एकदम गप्प का झालात?"

"घास अडकला," काका म्हणाले. खरं म्हणजे त्यांच्या तोंडात घासच नव्हता.

आता काकांची एक गोष्ट सांगून टाकायला हवी, कारण त्यांनी स्वतः ती कुणाला सांगितली नव्हती. लिफ्टच्या डक्टमध्ये त्यांच्याइतका निर्धास्त माणूस शोधून सापडला नसता. चारी बाजूंना भिंत, हातात पाना, डोळ्यांसमोर नट, मग खाली कितीही मजले असोत, काका लिफ्टच्या टपावर उभे राहून शीळ घालत काम करत. पण काम संपलं, हत्यारं पिशवीत गेली आणि मोकळ्या गच्चीवर यायची वेळ आली, की त्यांची सगळी ऐट उतरायची. कठड्यापासून लांब, पाण्याच्या टाकीला पाठ घासत ते जिन्याच्या दारापर्यंत पोचत. कुणी बघितलंच तर टाकी गळते का ते पाहतोय, असं सांगत. त्या भागातल्या टाक्यांची एवढी काळजी प्लंबरनेसुद्धा कधी घेतली नसेल.

खारूताईच्या लेखी मात्र तिचा बाप कशालाच भीत नव्हता. ती हे शाळेत सांगायची, जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्यांना सांगायची. एकदा काकांनी तिला डक्टच्या दारातून आपलं काम दाखवलं होतं. पाना दोरीने मनगटाला बांधल्याशिवाय उंचावर हात चालवायचा नाही, वरून निसटला तर खालच्याचं डोकं फुटेल, हा नियमही शिकवला होता. तेव्हापासून स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाचा सेल बदलायचा असला तरी ती स्क्रूड्रायव्हर मनगटाला बांधून घ्यायची. तिच्या डोळ्यांतला तो बाप एकदा गेला की परत यायचा नाही, असं काकांना वाटे. उडत्या खुर्चीपेक्षा त्यांना धास्ती होती ती याची.

म्हणून मग त्यांनी तळ्याचं गुणगान सुरू केलं. सकाळी तळ्याकाठी फिरता येईल, दुपारी तळ्याकाठी बसता येईल, संध्याकाळी तळं दुसऱ्या बाजूने बघता येईल. "तिथे बदकं असतात म्हणे," ते चहा पिताना म्हणाले.

"बदकं?" बायकोने चष्म्यावरून बघितलं. "अहो, शेजारच्यांनी पोपट आणला तेव्हा तुम्ही महिनाभर त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाहीत. आज बदकांचा एवढा पुळका कुठून आला?"

बदकं काही कामाला आली नाहीत. तेव्हा काकांच्या सुपीक डोक्यातून एक युक्ती निघाली, आणि ती फक्त लिफ्टवाल्याच्याच डोक्यातून निघू शकते. दोरावर चालणारी कुठलीही वस्तू देखभालीसाठी कधी ना कधी बंद ठेवावीच लागते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? दुपारी एका इमारतीच्या मशीनरूममध्ये बसून त्यांनी रोपवेच्या वर्कशॉपला फोन लावला. पलीकडे तिथला हेडमिस्त्री होता. बोलणारा लिफ्टचं काम करतो म्हटल्यावर गडी खुलला. दोघांनी ग्रीस, बेअरिंग, साहेब लोक आणि घरची पोरं यांच्यावर मनसोक्त गप्पा मारल्या. मग काकांनी हळूच विचारलं, "देखभालीसाठी बंद कधी ठेवता?"

मिस्त्रीने दिवस सांगितले. काकांनी त्याच दिवसांचं हॉटेल ठरवून टाकलं. तळ्याच्या अगदी काठावरचं.

"हेच दिवस का?" बायकोने विचारलं.

"बदली माणूस तेव्हाच मोकळा आहे," काका म्हणाले. थाप इतकी सफाईने मारली की त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं.

पुढचे दिवस घर तयारीने नुसतं भरलेलं होतं. आजोबांनी शिलाई मशीन दिवाणखान्यात आणलं आणि सगळ्यांना जाड कापडाच्या विजारी शिवायला घेतल्या. बर्फात माणूस पडतो तो बुडावरच, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यामुळे त्या जागी त्यांनी इतका कापूस भरला, की विजार घालून बसलं तर उशीवर बसल्यासारखं वाटे आणि उभं राहिलं तर पाठीमागे कुणीतरी आहे असं वाटे. खारूताई ती घालून सोफ्यावरून उड्या मारत होती. आणि काका सगळ्यांत खूश होते. रोपवेपाशी गेल्यावर पाटी दिसेल, आपण कपाळाला हात लावू, "अरेरे, बंद!" म्हणू आणि तळ्यावर परत येऊ, हे दृश्य त्यांनी मनातल्या मनात घोटून ठेवलं होतं.

अशाच एका संध्याकाळी काका बेसिनपाशी हाताचं ग्रीस घासत उभे असताना त्यांचा फोन वाजला. वाजणारा फोन घेतल्याशिवाय आजोबांना चैन पडत नसे. त्यांनी तो उचलला, स्पीकर लावला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला.

"लिफ्टवाले मास्तर आहेत का? मी रोपवेवरून हेडमिस्त्री बोलतोय," फोनमधून दणदणीत आवाज आला. "त्यांना सांगा, काम झालं! त्या दिवशी त्यांनी बंदचे दिवस किती आस्थेने विचारून घेतले. काल त्यांच्या नावाने हॉटेलचं बुकिंग बघितलं, तर नेमके तेच दिवस! हॉटेल माझ्या मेहुण्याचं आहे. म्हटलं, गडबडीत दिवसांची गल्लत झाली बिचाऱ्यांची. आपल्याच धंद्यातला माणूस एवढ्या लांबून यायचा आणि त्याच्या पोरीला रोपवे बंद? छे! आम्ही देखभाल आधी उरकतोय. पहिली खुर्ची तुमची!"

काकांच्या हातातला साबण सटकला.

आजोबांनी मिस्त्रीचे तोंड भरून आभार मानले, फोन ठेवला आणि खुशीत वळून बघितलं. खारूताई बापाकडे बघत होती.

"बाबा, तुला माहीत होतं? बंद असणार हे माहीत होतं, म्हणून तेच दिवस घेतलेस?" ती बापासमोर येऊन उभी राहिली. "तुला माझ्याबरोबर बसायचंच नव्हतं."

यावर काकांजवळ तीनचार थापा तयार होत्या. बदली माणूस होता, हॉटेल होतं, मिस्त्री म्हणाला ती गल्लतही होती. पण पोरीचा चेहरा बघून त्यांना एकही मारवेना. ओल्या हातांनी ते तिच्यासमोर खुर्चीवर बसले.

"तुझ्याबरोबर बसायचंय," ते म्हणाले. "पण मला भीती वाटते. मोकळ्यावर, उंचावर बसायची. फार भीती वाटते. तुला कळू नये म्हणून हा सगळा खटाटोप केला."

"तू? तू तर लिफ्टच्या टपावर उभा राहतोस!"

"तिथे नाही वाटत. गच्चीवर वाटते."

"मला लग्नापासून माहीत आहे," बायको शांतपणे म्हणाली. "आम्ही आकाशपाळण्यात बसलो होतो. यांनी माझा हात असा धरला की दुसऱ्या दिवशीही बोटांचे वळ होते. मला वाटलं, प्रेम आहे."

"प्रेमही होतं," काका ओशाळून म्हणाले. आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

खारूताई मात्र हसली नाही. ती उठली, आपल्या खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतलं. काकांना रात्रीचं जेवण गेलं नाही. गेला तो बाप, त्यांच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी ते कामावर निघाले तेव्हा ती चपलांच्या कपाटावर चढून बसली होती. "डक्टमध्ये का नाही वाटत भीती?" तिने विचारलं. एवढंच.

काकांनी बुटाची नाडी बांधता बांधता विचार केला. "हातात पाना असतो म्हणून असेल. नट कसायचा असला की लक्ष नटावर असतं. हात रिकामे झाले की मग खालचं दिसायला लागतं."

"बरं," असं म्हणून ती शाळेत गेली.

निघायच्या आदल्या दिवशी आजोबांनी काकांचं जाकीट शिवून पुरं केलं आणि त्यांना आरशासमोर उभं केलं. जाकीट अंगाला चांगलं बसलं होतं, फक्त छातीपाशी एका बाजूला जड लागत होतं.

"इथे पण कापूस भरलात की काय?" काकांनी विचारलं.

"मला विचारू नका जावईबापू. आमच्याकडे गिऱ्हाइकाने सांगितला तसा आतून खिसा लावून मिळतो."

काकांनी खिशात हात घातला. आत त्यांचा छोटा पाना होता, रोजच्या वापराने गुळगुळीत झालेला. त्याच्या भोकात दोरी ओवून पक्की गाठ मारली होती. काकांनी स्वतः शिकवलेली गाठ. मागे दारात गिऱ्हाईक उभं होतं.

"खुर्चीच्या दांड्याला एखादा नट असेलच," खारूताई म्हणाली. "तू त्याच्याकडे बघायचं. पाना हातात धरायचा. सोडायचा नाही. आणि दोरी बांधायची, नियम म्हणजे नियम."

काकांनी पाना मुठीत धरून बघितला. त्यांनी दोरी ओढली. ती खिशातून निघतच राहिली, पार जमिनीपर्यंत आली.

"एवढी लांब कशाला गं? मनगटाला वीतभर पुरते."

"एक टोक तुझ्या मनगटाला," ती म्हणाली, आणि आपला हात पुढे केला. "दुसरं माझ्या."

काकांनी तिथेच, आरशासमोर, दोरी दोन्हीकडे बांधून बघितली. बरोबर पुरत होती. मग तशाच बांधलेल्या हाताने त्यांनी मिस्त्रीला फोन लावला आणि सांगितलं की पहिली खुर्ची आमच्यासाठी ठेवा, आम्ही येतोय.