दार पूर्वेला की उत्तरेला

दार पूर्वेला की उत्तरेला, यावरून आमच्या गावात आठ दिवस नुसता धुरळा उडत होता. गावच्या माळाभोवती कारखान्याचं कुंपण पडणार होतं, आणि त्याला दार कुठल्या बाजूनं ठेवायचं ते गावानं ठरवायचं होतं. पूर्वेच्या आळीनं उत्तरेच्या आळीशी बोलणं टाकलं. सख्खे साडू एकमेकांकडे पाठ करून बसायला लागले. माईक-कर्ण्याचं दुकान माझं, म्हणून रोज सकाळी कर्ण्यावरून ओरडायचो मीच, "तुमचं गाव, तुमचा निर्णय!" पोटासाठी माणूस काय काय ओरडतो!

माझी थोरली वहिनी मात्र गप्प. भाऊ गेल्यापासून तिनं नऊ शेळ्यांवर घर ओढलं, आणि शेळ्या चरायच्या त्याच माळावर.

दार ठरवायच्या सभेआधी गावच्या पुढाऱ्यानं मला बाजूला घेतलं. "ज्याला बोलायचंय त्याला बोलू दे. भांडले तरी भांडू दे. फक्त दाराचा विषय सोडून कुणी भरकटलं, की आवाज बंद. कळलं ना?"

कळलं. न कळायला काय झालं होतं?

ऊन मी म्हणत होतं. दोन तास लोक घसा सुकेपर्यंत भांडले. मग वहिनी पदर खोचून माईकपाशी आली.

"दाराचं राहू द्या. माळ द्यायचा, हे कधी ठर..."

मी बटण फिरवलं. माझंच बोट, दुसऱ्या कुणाला कशाला दोष देऊ? वहिनीचे ओठ हलत राहिले. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, पूर्व की उत्तर तेवढं सांगा!" सगळे हसले. हात वर झाले, पूर्व जिंकली आणि पूर्वेची आळी नाचत घरी गेली.

"काय झालं हो भावजी मघाशी?" वहिनीनं विचारलं.

"वायर सैल होती," मी म्हणालो.

महिन्याभरात दुसरी सभा ठरली. विषय, दाराचा रंग. हिरवा की निळा! आदल्या सकाळी वहिनी माझ्या दुकानात आली.

"वायर घट्ट केलीत ना, भावजी? उद्या मी परत बोलणार आहे. परवा खांब रोवायला येतायत."

मला तिच्याकडे बघवेना.

"वायर चांगलीच होती, वहिनी. मीच आवाज बंद केला. मला तसं सांगितलं होतं."

ती दुकानाच्या पायरीवर बसली. मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता शिव्या घालेल तर बरं, असं वाटत होतं.

"एका शेळीवालीला एवढे घाबरले?" ती म्हणाली आणि उठली. "तुमचा माईक राहू द्या. गावात घरं किती, सव्वाशे ना? चला माझ्याबरोबर."

"मी कशाला?"

"आवाज कुणी बंद केला ते तुम्ही सांगायचं. पुढचं मी बोलते."

पहिलं घर सुताराचं. कुंपणाचं दार त्याच्याच अंगणात तयार होत होतं. "काय वहिनी, हिरवा की निळा?"

मी मान खाली घालून माझं सांगून टाकलं. मग वहिनीनं विचारलं, "माळ द्यायचा, हे आपण कधी ठरवलं रे?"

"अहो, त्या सभेत नाही का..." सुतार बोलता बोलता थांबला. "नाही, तिथं दाराचं ठरलं. मग त्याच्या आधी..." त्यानं घरात हाक मारली, "अगं, माळ द्यायचं आपण कधी ठरवलं गं?"

पिठाच्या हातांनी बायको दारात आली, "मला वाटलं, तुम्हीच कुठल्यातरी सभेत ठरवलंत!" सुतारानं हातातला रंधा खाली ठेवला.