ओव्हनमध्ये भाजलेली माती

घरात ते तिचे मोठे दीर आणि प्रयोगशाळेत तिचे साहेब. त्यामुळे त्यांचं शहाणपण तिला दोन्हीकडे ऐकावं लागे. मातीतली विषारी रसायनं मोजण्यात आपला हात धरणारा कुणी नाही, असं ते छातीठोकपणे सांगत. यंत्राजवळ मात्र त्यांना कधी कुणी फिरकताना पाहिलं नव्हतं.

एका मुख्याध्यापिकेला शाळेसाठी जागा घ्यायची होती. तिथे पूर्वी पेट्रोल पंप होता, म्हणून माती तपासणं भाग होतं. ती आणली जागेच्या दलालाने, वरवरची खरवडून, प्लास्टिकच्या पिशवीत. साहेबांनी ती नेहमीसारखी दिवसभर ओव्हनमध्ये वाळत ठेवायला लावली. ओल्या मातीला हात लावणं त्यांना गबाळेपणाचं वाटे. पेट्रोलमधलं विषारी बेन्झीन नुसत्या हवेवरही उडून जातं, ओव्हनमध्ये त्याचा मागमूस उरणार नाही, हे तिने दोनदा सांगून पाहिलं. त्यावर ते म्हणाले की पंधरा वर्षं आपण असंच करतोय आणि एकही तक्रार नाही. तक्रार कोण करणार? प्रत्येक अहवालात 'आढळले नाही' एवढंच असे, आणि लोक खूश होऊन जात.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः त्या जागेवर गेली. हातभर खणून तिने काचेची बाटली काठोकाठ भरली, झाकण घट्ट लावलं आणि बर्फात ठेवून आणली. ती माती तिने न वाळवता तपासली. मग स्वच्छ वाळूत मोजून पेट्रोल घातलं आणि ती वाळू साहेबांच्या पद्धतीने ओव्हनमध्ये ठेवली.

अहवाल घ्यायला मुख्याध्यापिका आल्या, तेव्हा तिने साहेबांसमोरच टेबलावर दोन कागद ठेवले. न वाळवलेल्या मातीत बेन्झीन मर्यादेच्या चाळीसपट होतं. पेट्रोल घातलेल्या वाळूत काहीच आढळलं नव्हतं.

"वाळूत तुम्हीच घातलं होतं ना? मग गेलं कुठे?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"उडालं असेल," साहेब म्हणाले.

"म्हणजे तुम्ही आधी उडवून लावता आणि मग शोधता?"

साहेबांनी यंत्राच्या किमतीचा विषय काढला. बाईंनी तो ऐकलाही नाही. त्यांनी जागेचा नाद सोडलाच, वर प्रयोगशाळेच्या मालकांना सविस्तर पत्रही धाडलं.

मालकांनी जुने अहवाल उपसायला लावले. पंपांच्या, गॅरेजच्या, रंगाच्या कारखान्यांच्या जागांचे साठ निघाले. साहेबांची पाठ नेमकी तेव्हाच धरली. ते घरी पडून राहिले, आणि भावजयीला निरोप द्यायचा तर धाकट्या भावामार्फत देऊ लागले. त्या जागा घेतलेल्या माणसांना कळवायचं काम अर्थातच तिच्या गळ्यात पडलं.

पहिला फोन तिने एका सुताराला केला. त्याने गॅरेजच्या जागेवर घर बांधून नऊ वर्षं झाली होती. माती पुन्हा तपासावी लागेल, असं तिने सांगितलं.

"पण काही सापडलं नाही असं तुम्हीच लिहून दिलंत," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "आम्ही नीट शोधलंच नव्हतं. उद्या सकाळी मी स्वतः येते."