घंटा वाजली की येतो

चर्चची घंटा वाजवण्याचं काम त्या घरात बापाकडून मुलाकडे आलं होतं, म्हणून लोकांच्या तोंडी एक थोरला घंटावाला होता आणि एक धाकटा. थोरल्याचे गुडघे गेल्यापासून मनोऱ्याची शिडी धाकटा चढायचा, पण खालून सूचना द्यायला म्हातारा हजर असायचाच. "ओढ, हिसकू नकोस. दोर आहे तो, बैल नाही." धाकटा पन्नाशीला टेकला तरी हे ऐकणं सुटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते सुटावं असं त्याला वाटतही नव्हतं.

चर्च टेकाडावर होतं. खाली बंदर, बंदराला लागून अरुंद गल्ल्या, आणि शेवटच्या गल्लीत म्हाताऱ्याचं घर. सून सांगून थकली होती की आमच्याकडे वर राहायला या. त्यावर म्हाताऱ्याचं उत्तर ठरलेलं होतं, "तुमच्याकडे घंटा फार जवळून ऐकू येते. घंटा लांबूनच गोड."

त्या भागात एक गोष्ट पोरासोरांनाही ठाऊक होती. घंटा अवेळी वाजू लागली आणि थांबेचना, तर हातातलं टाकायचं आणि टेकाड चढायचं. आग असो, पूर असो, चर्चच्या जाड भिंतींआड जागा मिळायची.

वर्षातून दोन दिवस मात्र ती घंटा मुकी असायची. पवित्र गुरुवारच्या मिस्सेच्या प्रार्थनेनंतर ईस्टरच्या रविवारपर्यंत येशूच्या दुःखात घंटेनेही गप्प राहायचं. कुणी चुकून दोर ओढला तरी आवाज होऊ नये म्हणून धाकटा वर जाऊन लोलकाला चामडं गुंडाळायचा आणि तो दोरीने घट्ट बांधून टाकायचा. त्या गुरुवारीही त्याने तेच केलं. गाठ बापानेच शिकवलेली, आणि बाप खालून ओरडत होताच, "दुहेरी घाल! मागच्या वर्षी सैल पडली होती."

त्याने दुहेरी घातली.

शुक्रवारी दुपारी रेडिओवाल्यांचा सूर बदलला. दोन दिवस ते चक्रीवादळ दूरवरून निघून जाईल म्हणत होते, आता ते थेट बंदराकडे वळलं होतं. लोक गाद्या, कंदील, पोरं घेऊन चर्चमध्ये यायला लागले. धाकट्याची बायको बाकं सरकवता सरकवता म्हणाली, "अहो, आधी बाबांना आणा. बाकीचं मी बघते."

त्याने फोन लावला.

"बाबा, तयार राहा. न्यायला येतो."

"आत्तापासून? अरे, अजून धड वारासुद्धा नाही. तुमच्या त्या बाकांवर बसून माझी कंबर मोडेल. जेवतो, जरा आडवा होतो."

"पाणी चढलं तर?"

"तर घंटा वाजव. घंटा वाजली की येतो."

"नक्की?"

"घंटेला न उठलेला कधी पाहिलायस मला?"

"बरं. वाजवतो मग."

आणि दोघांनी फोन ठेवले. एकाने बांधलेली, दुसऱ्याने दुहेरी बांधायला लावलेली ती घंटा, आणि दोघांपैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. दुसऱ्या कुणाकडून ही चूक झालीच नसती. दुकानदार म्हणाला असता, फोन करतो. कोळी म्हणाला असता, पोराला पाठवतो. हे दोघे जन्मभर घंटेच्याच भाषेत बोलत आले होते, तेच तोंडातून निघून गेलं.

संध्याकाळ व्हायच्या आत वाऱ्याने बंदरावरचे पत्रे उडवायला सुरुवात केली. दिवे गेले, फोन गेले. मग दाराशी उभा असलेला कुणीतरी ओरडला की समुद्र धक्क्यावरून आत शिरतोय. फादर वळून म्हणाले, "घंटा!"

धाकटा धावला. दोर धरला, ओढला. दोर खाली आला, वर गेला. वर घंटा झुलत असल्याचं हातांना कळत होतं, कानांना काही नव्हतं. त्याने पुन्हा ओढला. बायको मागे येऊन उभी राहिली होती, ती हळूच म्हणाली, "अहो, काल तुम्ही..."

त्याने दोर टाकला. तो शिडी चढला. मनोऱ्याच्या लाकडी झडपा वाऱ्याने आत कोसळून नेमक्या शिडीच्या टोकाशी घंटेकडे उघडणाऱ्या झाकणावर पडल्या होत्या. त्याने खांद्याने रेटलं, डोक्याने रेटलं, ज्या देवाची भक्ती केली त्याला नको ते बोलला. झाकण हललं नाही. खाली येऊन त्याने मुक्या दिवसांत वाजवायचं लाकडी खटखटं उचललं आणि दाराबाहेर पडला. ते खटखटं प्रार्थनेत चार रांगांपलीकडे धड ऐकू जात नाही. तो ते त्या वादळात फिरवत, "बाबा! बाबा!" करत उतारावरून पळत सुटला. वळणावर पाणी छातीला लागलं. दोघा कोळ्यांनी त्याला कमरेला धरून ओढत परत आणलं. त्याच्या हातातलं खटखटं सुटलं नव्हतं.

"आजोबा काही कुक्कुलं बाळ नाहीत," त्याची मुलगी त्याचं डोकं पुसत म्हणाली. "पाणी बघून निघाले असतील. शेजाऱ्यांच्या माडीवर असतील."

सगळे तेच म्हणत होते. तो मान डोलवत होता. पण त्याला बाप माहीत होता. बाप शब्दाचा पक्का होता. भीती त्याचीच होती.

सगळ्यांनी मिळून प्रार्थना सुरू केली. 'हे आमच्या स्वर्गातील बापा' अशी तिची पहिलीच हाक, आणि तो त्या शब्दाच्या पुढे जाऊच शकला नाही. भिंतीला टेकून, तळहातांवरचे दोराचे वळ बघत तो बसून राहिला. करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

शनिवारी पाणी ओसरलं. बायकोला घेऊन तो चिखलातून खाली गेला. वाटेत शेजाऱ्यांची माडी होती, तिथे शेजारी होते. त्यांनी नजर चुकवली.

म्हातारा पुढच्या खोलीत, उलटलेल्या खुर्चीपाशी होता. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, बुटांच्या नाड्या बांधलेल्या, पिशवीचा पट्टा मनगटाला गुंडाळलेला. निघायची सगळी तयारी. टेकाडाकडची खिडकी सताड उघडी होती, पाणी तिथूनच आत आलं होतं.

"वाऱ्याने उघडली असेल," बायको म्हणाली.

तो खिडकीजवळ गेला. झडप भिंतीतल्या आकड्यात नीट अडकवलेली होती. एवढ्या वादळात म्हाताऱ्याने ती स्वतःच्या हाताने उघडी ठेवली होती, घंटा ऐकू यावी म्हणून. बायकोने तो आकडा पाहिला.

त्या वर्षी ईस्टर घंटेविनाच झाला. "तुझी चूक नाही," फादर म्हणाले. "देवाच्या मनात काय असतं, आपल्याला..."

"देवाचं राहू द्या, फादर. गाठ मी मारली होती."

फादरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. त्यांनाही याहून जास्त काही येत नव्हतं.

सोमवारी म्हाताऱ्याची अंत्ययात्रा ठरली. सकाळी सुताराने झडपा तोडून झाकण मोकळं केलं. धाकटा वर गेला. दुहेरी गाठ भिजून दगड झाली होती. त्याने नखं लावली, दात लावले. शेवटी सुताराने पटाशी पुढे केली. एका फटक्यात दोरी तुटली. एवढंच काम होतं ते.

तो खाली आला, दोर हातात घेतला. ओढ, हिसकू नकोस. त्याने ओढला आणि घंटा वाजली. किती दिवसांनी वाजली म्हणून लोक चिखल उपसायचं सोडून दारांत आले, खालच्या गल्ल्यांतून टेकाडाकडे निघाले. उघड्या दरवाजातून त्याला उतार दिसत होता. चौघांच्या खांद्यावर शवपेटी वर चढत होती, थोडी तिरकी, वळणावर जरा थांबून.

बायको त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. त्याने दोर सोडला नाही.

"बघ," तो म्हणाला, "घंटा वाजली, आले बाबा."