सेथच्या घशात अडकलेलं विशेषण

मी एक जुनं इंग्रजी विशेषण आहे. माझं नाव रिमार्केबल. पुढे निघालेला माणूस थांबून ज्याच्याकडे पुन्हा एकदा बघतो, त्याला मी लागतो. चारेकशे वर्षांपूर्वी मी फ्रान्सहून इंग्लंडात आलो, तेव्हा माझा काय थाट होता म्हणून सांगू! शेपटीवाला तारा दिसला की मला बोलावणं. दोन डोक्यांचं वासरू जन्मलं की मला बोलावणं. आता माझी कामं तो अमेझिंग पळवतो. त्याला काय, सँडविचपुढेही उभं करा, हा तयार! असो, मी कुणाचं वाईट चिंतत नाही.

मित्रांनो, माझी खरी उपासमार झाली ती यॉर्कशरमधल्या ॲकरथ्वेट गावात. तिथली माणसं मनाने लोण्यासारखी, पण कौतुक करायचं म्हटलं की दातखीळ बसते. घर जळता जळता वाचलं तरी म्हणणार, "वाईट नाही." तिथल्या सेथ रेस्ट्रिक नावाच्या मेंढपाळाच्या घशात मी बावन्न वर्षं अडकून पडलो होतो.

त्याची बायको हिल्डा गूजबेरीच्या आंबट फळांचा जॅम करायची. दर उन्हाळ्यात पहिला चमचा सेथला द्यायची आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. मी घशात सरसावून बसायचो. सेथ जीभ फिरवायचा आणि म्हणायचा, "वाईट नाही." हिल्डा चमचा धुवायला निघून जायची. मला फार वाईट वाटायचं.

एकदाच त्याने मला बाहेर काढलं, तेही शेजाऱ्याच्या मेंढ्यासाठी! हिल्डा तिथेच उभी होती. त्या दिवसापासून तिला एकच आस लागली, की हा शब्द आपल्यालाही एकदा ऐकायला मिळावा. तोंडाने मात्र ती कधी बोलली नाही.

गेल्या वर्षी हिल्डाची बोटं सांधेदुखीने आखडली. चमचाही धरवेना. दर ऑगस्टमध्ये गावच्या प्रदर्शनात जॅमची स्पर्धा असायची. "यंदा प्रदर्शनात जॅम नाही," ती म्हणाली. सेथने पातेलं चुलीवर चढवलं.

"अरे, डोळे फुटले का तुझे? देठं काढ आधी!" हिल्डा खुर्चीतून ओरडायला लागली. "गार बशीवर थेंब टाक. बोटाने ढकल. सुरकुती पडली की लगेच उतरव!"

"अगं, मेंढ्या तुझ्यापेक्षा कमी ओरडतात."

तीन वेळा जॅम करपला. चौथ्यांदा जमला. हात भाजले, पाठ धरली, तेव्हा कुठे सेथला कळलं की ही बाई इतकी वर्षं काय करत होती.

ऑगस्टमध्ये क्रिकेटच्या मैदानावर तंबू उभा राहिला. परीक्षण चालू असताना गावकऱ्यांना बाहेर काढतात, तसं काढलं. परीक्षक मिस लॉफ्टहाउस शेजारच्या गावच्या, भारी कडक. त्यांनी सेथची बरणी उचलली मात्र, मदतनीस पिकर्सगिल कुजबुजला, "बाई, झाकण बघा."

नियम असा की झाकण कोरं हवं. आणि सेथने, बिचाऱ्याने, घरातलं सगळ्यात चकचकीत म्हणून लोणच्याच्या कंपनीचं नाव छापलेलं झाकण लावलं होतं! बरणी बाद. तरीही बाईंनी चमचाभर चाखला. थांबल्या. पुन्हा एकदा चाखला. मग कार्डावर लिहिलं, "नियमाप्रमाणे नाही." आणि त्याखाली मला लिहिलं.

लोक आत आले. कार्डाची पहिली ओळ वाचून सेथ लालबुंद झाला. दुसरी वाचून त्याने टोपी काढली. कार्ड उचलून तो चहाच्या टेबलाशी बसलेल्या हिल्डाकडे गेला.

हिल्डाने वाचलं. "अरे वा! मी जन्मभर केला, आणि हे मिळालं तुला, पहिल्याच वर्षी!" ती हसली, पण तिचे डोळे भरले होते.

"मी नुसता ढवळला," सेथ म्हणाला. "जॅम तुझा आहे." मग त्याने घसा खाकरला. मित्रांनो, मी जीव मुठीत धरून बसलो होतो! "रिमार्केबल आहेस तू, हिल्डा. पहिल्या चमच्यापासून आहेस."

चहावाल्या बायकांनी किटल्या खाली ठेवल्या.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस, मेल्या?"

"मला वाटलं, तुला ठाऊक आहे."

हिल्डाने आखडलेल्या बोटांनी कार्ड छातीशी धरलं. मग म्हणाली, "वाईट नाही."

मित्रांनो, पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेल्या कपबशीसारखं मला जपू नका. वापरल्याने मी झिजत नाही. तुमच्या घरीही कुणीतरी चमचा पुढे करून तोंडाकडे बघत उभं असेल. त्याला ठाऊक असेल असं समजू नका. त्याला ऐकू येतंय तोवर सांगून टाका.