वाढत्या अंगाचा झोका

परसातल्या तुतीच्या झाडाशी आमच्या ह्यांचं जुनं वैर. हे शिंपी, आणि झाड नेमकं कपडे वाळत घालायच्या दोरीवर वाकलेलं. गिऱ्हाइकाचा पांढरा सदरा धुऊन टाकला की त्यावर जांभळा डाग पडलाच म्हणून समजा. दर वर्षी झाड तोडायची भाषा व्हायची आणि मूठभर तुती तोंडात गेली की विषय संपायचा.

त्याच झाडाच्या फांदीला त्या दुपारी ते आपल्या जुन्या कोटाचं अस्तर गुंडाळत होते. शिडीवर उभं राहून, गळ्यात टेप, हातात सुई, चक्क टाके घालत होते.

"काय हो, झाडाला कोट शिवताय?" मी मागच्या दारातून विचारलं.

"दोर घासून साल निघेल ना त्याची," ते म्हणाले. "झोका बांधतोय. तिच्यासाठी."

ती म्हणजे माझ्या नणंदेची मुलगी. बाप आधीच गेलेला, आणि थंडीत आईही गेली. तिच्या काकांचं घर मोठं, घरात मुलंबाळं, माणूस लाखात एक. त्यांनी आणि आम्ही मिळून ठरवलं होतं की पोरीनं सुट्टीभर आमच्याकडे राहावं, मग काका येतील, आणि तिला जिथे राहायचं असेल तिथे ती राहील. कुणी तिला भरीस घालायचं नाही. ठरवताना मी मोठ्या शहाणपणानं मान डोलावली होती. आता सुट्टी सरत आली होती आणि माझा जीव टांगणीला लागला होता. मला ती हवी होती. आम्हाला मूल नाही म्हणून नव्हे. सकाळी दात घासताना ती आरशात स्वतःकडे इतक्या गंभीरपणे बघायची, म्हणून.

पण ती पाहुणीच राहिली. फ्रॉक वाळला की घडी करून पिशवीत ठेवायची आणि पिशवीची चेन ओढून घ्यायची. घरातसुद्धा सँडल काढायची नाही. मला मामी म्हणायची नाही, ह्यांना मामा म्हणायची नाही. काही हवं असलं की जवळ येऊन नुसती उभी राहायची, आपलं लक्ष जाईपर्यंत.

बसायला ह्यांनी इस्त्रीच्या टेबलाची जुनी फळी घासून घेतली. मग पोरीला भिंतीशी उभं केलं, गुडघ्यापासून टाचेपर्यंत टेप धरला आणि गिऱ्हाइकांना सांगतात त्याच आवाजात म्हणाले, "सरळ उभं राहायचं हं." ती श्वास रोखून सरळ उभी राहिली.

झोका टांगून झाला. ती बसायला गेली तर फळी थेट तिच्या कमरेशी. शेवटी ह्यांनीच तिला उचलून बसवलं. तिचे पाय अधांतरी लोंबायला लागले.

"अहो, माप तिचं घेतलंत की माझं?" मी म्हटलं. "पोरीचे पाय कुठे टेकतायत?"

त्यांनी टेपकडे बघितलं, दोराकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. "सवयीनं झालं गं. लहान मुलाचं माप म्हटलं की हात आपोआप वाढवून धरतो."

हे गल्लीतल्या प्रत्येक आईला ठाऊक आहे. ह्यांच्याकडे शिवलेला शाळेचा शर्ट पहिल्या वर्षी बाह्या दुमडून घालायचा, दुसऱ्या वर्षी तो अंगाला येतो आणि तिसऱ्या वर्षी आतली शिवण उसवली की पुन्हा नवा. पण म्हणून झोक्यालाही तेच? मला हसू आवरेना. हे शिडी सरकवून गाठ सोडायला निघाले.

तेवढ्यात ती फळीवरून बोलली. आपणहून, पहिल्यांदाच.

"वाढवून का धरतात?"

"वाढत्या अंगाचं असलेलं बरं असतं," हे म्हणाले. "तू मोठी झालीस की बरोब्बर होईल."

"तेव्हा हा इथेच असेल?"

"मग कुठे जाणार? टाके घातलेत मी फांदीला."

तिनं वर फांदीकडे बघितलं, अस्तराकडे, टाक्यांकडे. 'आणि तूही इथेच असशील' हे शब्द अगदी माझ्या ओठांवर आले होते. पण भरीस घालायचं नाही असं ठरलेलं. मी ते गिळले, आणि फार जड गेलं ते.

"मग राहू दे," ती म्हणाली. "खाली नको घेऊ."

मग उरलेल्या दुपारी तशाच गेल्या. हे तिला उचलून बसवत, एक झोका देत आणि मशीनवर परतत. पुढच्या खोलीतून मशीनची खडखड यायची, मागून दोराची करकर, आणि मधल्या दारात चटई टाकून मी पडलेली. पानांच्या सावल्या भिंतीवर पुढे जायच्या, मागे यायच्या. हळूहळू कळेनासं व्हायचं की झोका हलतोय की घर. एकदा मी अर्धवट डोळे उघडले तर झोक्यावर लांब वेणीची मुलगी बसली होती. तिच्या पायांनी घासून घासून खाली मातीत खळगा पडला होता, आणि ती टाचेनं उगाच तो उकरत होती. मी तिला हाक मारणार तोच जागी झाले. पोर होती तेवढीच होती. डोळे मिटलेले, ओठ जांभळे. सँडल पायांतून निसटून गवतात पडले होते, आणि एकात एक तुती जाऊन बसली होती. त्या संध्याकाळी ती घरात अनवाणीच आली.

काका आले ते सकाळी. पिशवी दाराशी भरलेली होती. ती परसात होती. हे तिला बसवून मशीनवर गेले होते, पण मशीनचा आवाज काही येत नव्हता.

काका झोक्यासमोर उकिडवे बसले. "काय मग, बाईसाहेब? काय ठरलं? येणार आमच्याकडे?"

झोका आपोआप थांबत आला.

"काका, माझे पाय अजून टेकत नाहीत," ती म्हणाली. "मामानं माझं माप घेतलंय. टेकायला पाहिजेत आधी."

काकांनी तिच्या उघड्या तळव्याखाली हात घातला आणि जमिनीपर्यंत नेला.

"अगं, याला तर बरीच वर्षं लागतील."

"हो," ती म्हणाली. "लागू देत."