मोगऱ्यावर आलेला लाल आळ

मित्रांनो, मी एक जुना मोगरा आहे. मोगरा कसला, आता वीतभर खोड उरले आहे.

जावा बेटावर, बांतुलमधल्या एका अंगणात मी उभा आहे. वेनिंग या घरात सून म्हणून आली, तेव्हा वारलेल्या आईच्या दारातली एक फांदी तिने ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. ती फांदी म्हणजे मी. पुढे गल्लीतल्या प्रत्येक नवरीच्या अंबाड्यावर माझ्याच कळ्यांची जाळी चढू लागली. "दर्सोनोंचा मोगरा काय फुलतो!" असे लोक कौतुकाने म्हणत. वेनिंगचे नाव कोणी घेत नसे.

दर्सोनो म्हणजे तिचे सासरे. त्यांचा सारा जीव एका कवड्यात. त्याचा बांबूचा कोरीव पिंजरा ओसरीत, खिडकीला लागून टांगलेला असे. खिडकीच्या आत वेनिंगची तान्ही लेक निजे, आणि बाहेर मी.

एका कोरड्या मोसमात माझी पाने फिकट पडली. वेनिंगने पानांखाली पांढरा कागद धरून फांदी झटकली. कागदावर बारीक लाल ठिपके पडले आणि चालू लागले.

"लाल कोळी लागलाय," ती पुटपुटली. जाळी धरलेली पाने तिने खुडून जाळली. रोज नळीच्या धारेने पानांच्या पाठी धुतल्या. मला हळूहळू बरे वाटू लागले.

तेवढ्यात बाळाच्या मानेवर आणि काखेत लाल पुरळ उठले. खाजवून, रडून पोर अर्धी झाली.

सासू सुमिराहने माझ्याकडे बोट केले. "बघा! हिच्या झाडावरचे किडे माझ्या नातीला खातायत. माहेराहून काय आणलंस गं, रोग आणलास?"

सासूला वेनिंग बू म्हणत असे. "बू, हे किडे पानाचा रस पितात, माणसाला चावत नाहीत. माझे हात बघा, रोज झाडात असतात. आहे का एक तरी पुरळ?"

"मग काय आभाळातून पडले?"

"एकदा तो पिंजरा खाली काढून बघू या का? पाखरूही मलूल दिसतंय."

दर्सोनो कडाडले, "माझ्या पाखराचं नाव काढायचं नाही! तुझ्या जन्माआधीपासून पाखरं पाळतोय मी."

दुसऱ्या दिवशी त्यांनीच कोयता घेतला.

"बू, आईची तेवढी एकच आठवण आहे हो."

"आठवणीनं पोरीची खाज जाते का?"

मी आडवा झालो. पुरळ मात्र गेले नाही, उलट वाढले.

मग वेनिंगने कोणाला न विचारता संध्याकाळी पिंजऱ्याच्या तळाला पांढरे फडके बांधले. सकाळी सोडले, तर त्याच्या घडीघडीत किडे होते. काही उपाशी, राखाडी. काही रक्त पिऊन लाल टम्म. तिने एक चिरडला, तर फडक्यावर रक्त उमटले. ते फडके तिने सासऱ्यांच्या कॉफीशेजारी ठेवले आणि ती आत गेली.

दर्सोनोंनी पिंजरा उतरवला. बांबूच्या सांध्यासांध्यांत तेच किडे लपले होते. त्यांनी पिंजरा जाळला. कवडा नव्या पिंजऱ्यात, घरापासून दूर परसात गेला. खिडकी आणि ओसरी उकळत्या पाण्याने धुतली. बाळाचे अंग निवले.

शेजारणींनी विचारले, तेव्हा सुमिराह म्हणाली, "आमच्या ह्यांची नजर फार बारीक. ह्यांनीच शोधून काढलं." वेनिंग तिथेच कपडे वाळत घालत होती.

पुढे नणंदेचे लग्न ठरले. कळ्या बाजारातून आणाव्या लागल्या, त्याही शिळ्या निघाल्या. सुमिराह माझ्या खोडाकडे बघून वेनिंगला म्हणाली, "त्या वेळी नीट अडवलं असतंस, तर झाड वाचलं असतं. तुला कशाचीच आच नाही बघ."

मित्रांनो, दिसेल तो लाल किडा चावरा नसतो. कोयता उचलण्याआधी पानाखाली कागद धरा, पाखरांची घरटी आणि पिंजरे तपासा. आणि ज्याच्यावर आळ घेतलात, त्याची निदान माफी तरी मागा. माझी मुळे अजून जिवंत आहेत. वेनिंग अधूनमधून तांब्याभर पाणीही घालते. पण या अंगणात पुन्हा फुलावे, असे मला वाटत नाही.